चालेल, पुरेल, शोभेल, पेलेल

रोज सायकलवरून जाणाऱ्या माणसापुढे केव्हा ना केव्हा एक प्रश्न उभा राहतो. जवळची सायकल स्वस्तातली आहे. ती चालते, अधूनमधून कुरकुरते, पण संध्याकाळी घरी आणून सोडते. दुकानात दुसरी एक सायकल उभी आहे. ती हलकी आहे, तिचे ब्रेक अचूक लागतात, तिचे चाक फिरताना डगमगत नाही, आणि तिची किंमत पहिलीच्या पाचपट-सातपट आहे. पैसे अगदीच नाहीत अशी स्थिती नाही. तरीही हात आखडतो. ही सायकल घ्यावी की न घ्यावी? वरवर पाहता हा बाजारहाटाचा प्रश्न आहे, आणि त्यात नीतिविचाराने लक्ष घालावे असे काय आहे, असे कोणी विचारील. परंतु सत्यासाठी राज्य सोडण्याचा प्रसंग सहसा कोणावर येत नाही. चालणाऱ्या वस्तूच्या जागी चांगली वस्तू आणावी का, हा प्रश्न मात्र वर्षातून अनेकदा येतो, आणि त्याला दिलेली लहान लहान उत्तरे साठत जाऊनच माणसाचा वस्तूंशी, श्रमाशी आणि शेजाऱ्याशी असलेला संबंध घडतो. म्हणून या सामान्य प्रश्नाची थोडी तपासणी करणे अस्थानी होणार नाही.

आरंभीच एक गोष्ट नोंदवली पाहिजे. हा प्रश्न पडणे हीच एक सुस्थिती आहे. व्हित्तोरियो दे सिका यांच्या १९४८ सालच्या ‘बायसिकल थीव्हज’ या चित्रपटात गहाण पडलेली सायकल सोडवून आणण्यासाठी घरातल्या चादरी गहाण टाकाव्या लागतात, कारण सायकल असेल तरच भिंतींवर जाहिराती चिकटवण्याचे काम मिळणार असते. त्या सायकलीचा दर्जा काय, हा विचार तेथे कोणाच्या मनाला शिवत नाही; तिच्या असण्या-नसण्यातच एका कुटुंबाचे भवितव्य सामावलेले असते. आपल्याकडेही सायकल ही दीर्घकाळ मिरवण्याची वस्तू होती. लग्नात जावयाला घड्याळ आणि रेडिओ यांच्या बरोबरीने सायकल देण्याची रीत देशाच्या अनेक भागांत होती. अनेक नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर आकारीत आणि तो भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देत. आज जिला आपण ‘साधी’ म्हणतो ती काळी, जड, पुढे बत्ती आणि मागे कॅरिअर असलेली सायकल त्या काळी घरातली मालमत्ता म्हणून मोजली जाई. तात्पर्य, ‘साधी’ आणि ‘चांगली’ ही विशेषणे वस्तूला कायमची चिकटलेली नसतात. काळ आणि परिस्थिती ती बदलत असतात. ज्याला निवड करता येते त्याने आपली निवड या पार्श्वभूमीवर करावी, एवढेच येथे सुचवायचे आहे.

भाषेच्या अभ्यासकाला अशा प्रश्नात क्रियापदांकडे पाहण्याची सवय असते. मराठी माणूस एखादी वस्तू हातात घेऊन घ्यावी की न घ्यावी याचा विचार करू लागला की त्याच्या बोलण्यात चार क्रियापदे येतात: चालेल, पुरेल, शोभेल आणि पेलेल. चारही भविष्यकाळी आहेत, आणि हे स्वाभाविकच आहे; प्रत्येक खरेदी हे आपल्या पुढच्या आयुष्याविषयी आपणच केलेले एक भाकीत असते. मात्र ही चार भाकिते एका जातीची नाहीत. ती एकमेकांत मिसळली की निर्णयाचा गोंधळ होतो, आणि पुष्कळदा एका क्रियापदाचे उत्तर आपण दुसऱ्याच्या नावावर खपवतो.

‘चालणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ लक्षात घेण्याजोगे आहेत. सायकल चालते म्हणजे ती रस्त्यावरून जाते. ‘ही सायकल चालेल’ म्हणजे तिच्यात उणिवा आहेत, पण त्या मला मान्य आहेत. पहिला अर्थ यंत्राविषयी आहे, दुसरा संमतीविषयी. या दुसऱ्या अर्थात एक मोठा गुण दडलेला आहे. जगातील सर्व वस्तू निर्दोष असल्याच पाहिजेत असा हट्ट न धरता, असलेल्या वस्तूंनिशी काम पुढे नेण्याची वृत्ती त्यातून व्यक्त होते. संतोष हा पातंजल योगसूत्रांनी नियमांमध्ये गणलेला गुण आहे, आणि ‘चालेल’ हा त्याचा घरगुती उच्चार आहे, असे म्हणता येईल.

परंतु त्याच शब्दाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अर्धवट बसवलेला नळ, सैल राहिलेला खिळा, पावसाळ्यापुरता बुजवलेला खड्डा, या सर्वांवर आपण ‘चालेल’ हीच मोहर उमटवतो. संतोष आणि हयगय या दोन अगदी वेगळ्या वृत्ती एकाच शब्दाच्या आश्रयाने राहतात. त्यांतला भेद ओळखायचा कसा? सायकलीचेच उदाहरण घेतले तर कसोटी सापडते. अनेक स्वस्त सायकलींच्या चाकांच्या कडा पोलादी असतात. पोलाद ओले झाले की ब्रेकचे रबर त्यावरून घसरते, आणि पावसात सायकल थांबायला कोरड्या रस्त्यापेक्षा बरेच अधिक अंतर लागते. ॲल्युमिनियमच्या कडांवर हा दोष पुष्कळ कमी होतो. आता, बसायची गादी थोडी कठीण आहे हे ‘चालेल’ म्हणून सोसणे हा संतोष होय. कारण त्याची किंमत सोसणारा स्वतः देतो. ब्रेक नीट लागत नाही हे ‘चालेल’ म्हणणे मात्र हयगय आहे. कारण त्याची किंमत रस्ता ओलांडणाऱ्या मुलाने द्यायची असते. जी उणीव माझी मी सोसतो तिला मान्यता देण्याचा अधिकार मला आहे. जी दुसऱ्याच्या वाट्याला जाते तिला मान्यता देणारा मी कोण? सायकलीच्या बाबतीत ‘चालणे’ या शब्दात ‘थांबणे’ही अंतर्भूत आहे, हे ध्यानात घेतले की स्वस्त आणि चांगली यांच्यातील पहिली रेषा आखली जाते, आणि ती किमतीची नसून जबाबदारीची आहे हे दिसते.

दुसरे क्रियापद ‘पुरेल’. येथेही मराठीने दोन अर्थ एकत्र ठेवले आहेत. धान्य दहा माणसांना पुरते आणि तेल महिनाभर पुरते. पहिल्यात मात्रा आहे, दुसऱ्यात काळ. ‘पुरेसे’ म्हणजे किती, या प्रश्नाला ‘किती काळ’ हा प्रश्न नेहमीच जोडलेला असतो. स्वस्त वस्तूचा दावा असा असतो की ती आज पुरते. हिंदीत एक म्हण आहे, महागडी वस्तू घेणारा एकदा रडतो आणि स्वस्त घेणारा वारंवार. त्या म्हणीत हिशोब आहे. हलक्या दर्जाच्या सायकलीचे पायडल ढिले होतात, छर्रे झिजतात, चाकाचा आउट पुन्हा पुन्हा काढावा लागतो, आणि तीन-चार वर्षांत दुरुस्त्यांचा खर्च मूळ किमतीला येऊन भिडू शकतो. ज्याच्याजवळ एकरकमी पैसे आहेत तो एकदा चांगली वस्तू घेऊन दीर्घकाळ निश्चिंत राहतो. ज्याच्याजवळ नाहीत तो थोडे थोडे करून अधिक पैसे भरतो. दारिद्र्य हे अशा अर्थाने महाग असते. काटकसरीचा उपदेश करणाऱ्यांनी ही गोष्ट सहसा लक्षात घेतलेली नसते.

तथापि हा हिशोब सर्वत्र एकाच बाजूने लागत नाही. साध्या काळ्या सायकलीचा कोणताही भाग देशाच्या जवळजवळ कोणत्याही बाजारपेठेच्या गावात मिळतो, आणि तो बसवणारा माणूस झाडाखाली पेटी घेऊन बसलेला असतो. उंची सायकलीचा एखादा भाग निकामी झाला तर तो विशिष्ट दुकानातून मागवावा लागतो, आणि त्यासाठी लागणारी हत्यारेही वेगळी असतात. इव्हान इलिच यांनी १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एनर्जी अँड इक्विटी’ या छोट्या ग्रंथात सायकलीचा जो गौरव केला आहे, त्यामागे एक सूत्र आहे: हे यंत्र माणसाची गती वाढवते, परंतु त्याला तज्ज्ञांचा आणि इंधनाचा अंकित करीत नाही. हे सूत्र मान्य केले तर, जी सायकल आपल्या मालकाला रस्त्याकडेच्या कारागिरापासून तोडून दूरच्या तज्ज्ञावर अवलंबून ठेवते ती कितीही सुबक असली तरी सायकलीच्या मूळ धर्मापासून थोडी दूर गेलेली आहे, असे म्हणावे लागेल. टिकाऊपणा दोन प्रकारचा असतो. एक, वस्तू मोडतच नाही. दुसरा, मोडली तरी पुन्हा उभी राहते. चांगल्या सायकलीची जाहिरात पहिल्या प्रकाराची असते. दुसऱ्या प्रकारात साधी सायकल तिच्या पुढे आहे.

या संदर्भात झारखंडमधील कोळसा वाहणाऱ्या सायकलस्वारांचे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. हजारीबाग-रामगढच्या पट्ट्यातून रांचीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोत्यांनी लादलेल्या सायकली ढकलत नेणारी माणसे अनेकांनी पाहिली असतील. एकेका सायकलीवर २०० किलोच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक कोळसा असतो. या सायकली जातीने साध्याच. पण त्यांना जागोजागी जादा सळया जोडून घेतलेल्या असतात, आणि घाट चढताना त्यांच्यावर कोणी बसत नाही. कोणत्याही कारखान्याने असे ओझे गृहीत धरून ही सायकल घडवलेली नाही. तिचा दर्जा वापरणाऱ्याच्या गरजेने आणि लोहाराच्या हाताने घडवलेला आहे. शर्यतीसाठी तयार केलेली लाखांच्या किमतीची सायकल त्या ओझ्याखाली पहिल्या उतारावरच मोडून पडेल. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात वस्तूचा उत्कर्ष तिच्या कार्याच्या संदर्भात सांगितला आहे. ज्याचे जे कार्य, ते उत्तम रीतीने पार पाडणे हा त्याचा गुण. तेव्हा ‘चांगली सायकल’ हा शब्दप्रयोग अपुरा आहे. कशासाठी चांगली, आणि कोणासाठी, हे सांगितल्यावाचून त्याला अर्थ येत नाही. त्या रस्त्यावरच्या श्रमाचे उदात्तीकरण करण्याचा मात्र येथे हेतू नाही. माणसाला असे ओझे ढकलावे लागणे ही गौरवाची गोष्ट नव्हे. गौरव करायचाच तर तो त्या साधनात ओतलेल्या बुद्धीचा करावा.

तिसरे क्रियापद ‘शोभेल’. येथे वस्तू आणि तिचे कार्य मागे पडून समाजाची नजर पुढे येते. या नजरेची टिंगल करणे सोपे आहे. थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ मधील ‘द थिअरी ऑफ द लेझर क्लास’ या ग्रंथात हाताने घडवलेला चांदीचा चमचा आणि यंत्राने काढलेला साध्या धातूचा चमचा यांची तुलना केली आहे, आणि दोन्ही आपले काम सारखेच करीत असताना पहिला आपल्याला सुंदर वाटतो त्यात त्याच्या महागपणाचा वाटा किती असतो, हे उघड केले आहे. आजच्या उंची सायकलींनाही हे लागू पडते. भल्या सकाळी शहराबाहेरच्या टेकडीपर्यंत जाऊन येणारा, दिवसभर मोटारीने फिरणारा गृहस्थ जेव्हा आपल्या सायकलीचे वजन ग्रॅममध्ये सांगू लागतो तेव्हा व्हेब्लेन यांची आठवण येणे अपरिहार्य आहे.

परंतु शोभण्याची इच्छा ही केवळ श्रीमंतांची हौस नव्हे. ॲडम स्मिथ यांनी १७७६ मधील ‘द वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथात जीवनावश्यक वस्तूंची व्याख्या करताना तागाच्या सदऱ्याचे उदाहरण दिले आहे. ग्रीक आणि रोमन लोक त्याच्यावाचून सुखाने जगले असतील. पण स्मिथ यांच्या काळात प्रतिष्ठित मजुराला तो सदरा अंगात नसताना चारचौघांत जायची लाज वाटे, म्हणून तो सदरा आवश्यकच. लाज न वाटता लोकांत वावरता येणे ही माणसाची गरज आहे, आणि ती भागवणारी वस्तू चैनीची ठरत नाही. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत साक्षरतेच्या मोहिमेला जोडूनच ग्रामीण स्त्रियांनी सायकल शिकण्याची एक मोठी चळवळ उभी राहिली. पी. साईनाथ यांनी ‘एव्हरीबडी लव्ह्ज अ गुड ड्रॉट’ (१९९६) या पुस्तकात तिच्याविषयी लिहिले आहे. स्त्रीने सायकलवर बसणे शोभत नाही, असे म्हणणाऱ्या नजरांपुढून त्या बायका सायकली घेऊन गेल्या. त्यांच्यापैकी काहींनी बायकांच्या सायकलीपेक्षा पुरुषांची सायकल पसंत केली, कारण तिच्या आडव्या दांड्यावर मूल बसवता येते. कोणती सायकल शोभते हा समाजाचा प्रश्न बाजूला सारून कोणती उपयोगी पडते हे त्यांनी स्वतः ठरवले. आणि काही काळाने तेच शोभू लागले. शोभेची मापे अशी बदलता येतात. म्हणून ‘शोभेल’ हे क्रियापद निर्णयातून हद्दपार करण्याची गरज नाही. त्याला पहिल्या क्रमांकाचे मत देऊ नये, इतकेच.

आता चौथे क्रियापद, आणि माझ्या मते या प्रश्नाचे मर्म त्यातच आहे. ‘पेलणे’ हा शब्द आपण ओझ्याविषयी वापरतो, जबाबदारीविषयी वापरतो, आणि शिवधनुष्याविषयीही. जनकाच्या सभेत त्या धनुष्याची किंमत कोणी विचारली नव्हती. ते कोणाला उचलता येते एवढाच प्रश्न होता. पेलण्यात वस्तूचा भार आणि माणसाचे बळ यांची गाठ पडते. ‘चालेल’ आणि ‘पुरेल’ म्हणताना आपण वस्तूची परीक्षा घेतो. ‘शोभेल’ म्हणताना लोक आपली परीक्षा घेतील असे गृहीत धरतो. ‘मला ही वस्तू पेलेल का’ असे विचारताना मात्र आपण स्वतःच स्वतःला तराजूत घालतो.

याच ॲडम स्मिथ यांनी ‘वेल्थ ऑफ नेशन्स’च्या सतरा वर्षे आधी, १७५९ मध्ये लिहिलेल्या ‘द थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स’ या ग्रंथात घड्याळांच्या एका शौकिनाचे चित्र रेखाटले आहे. दिवसाला दोन मिनिटांहून अधिक मागे पडणारे घड्याळ तो अगदी थोड्या पैशांत विकून टाकतो आणि त्याच्या कितीतरी पट किंमत देऊन पंधरवड्यात मिनिटभरही न चुकणारे घड्याळ घेतो. घड्याळाचा उपयोग वेळ पाळण्यासाठी. पण हा गृहस्थ इतरांपेक्षा अधिक वक्तशीर असतोच असे नाही. स्मिथ यांचे निरीक्षण असे, की त्याला आकर्षण वेळेचे नसून ते सांगणाऱ्या यंत्राच्या अचूकपणाचे असते. साधनाची पूर्णता साध्याला मागे टाकून स्वतःच साध्य होऊन बसते. घड्याळाने आपले काम चोख केले. माणसाने ते पेलले नाही.

सायकलीच्या बाबतीत हे अंकांनीही दाखवता येते. ६० किलो वजनाचा माणूस २० किलोच्या सायकलवर बसला तर एकूण भार ८० किलो होतो. तोच माणूस १२ किलोच्या सायकलवर बसला तर ७२. सायकलीचे वजन ४० टक्क्यांनी घटले, पण पायांनी ओढायच्या भारातली घट १० टक्केच आहे. चढावर ती जाणवते. सपाट रस्त्यावर अडथळा येतो तो मुख्यतः हवेचा आणि टायर दबण्याचा. तेथे चाकांत पुरेशी हवा भरली, चेनला वेळच्या वेळी तेल घातले आणि गादी योग्य उंचीवर घेतली तर साधी सायकलही आश्चर्य वाटावे इतकी हलकी चालते. म्हणजे चांगल्या सायकलीकडून आपण जी अपेक्षा करतो तिचा बराच मोठा भाग लक्ष आणि निगा यांच्याकडूनच पुरा होऊ शकतो. ही निगा ज्याने साध्या सायकलीची राखली नाही तो चांगल्या सायकलीची राखील असे मानण्यास आधार काय? ती जास्त नाजूक असते, तिला जास्त लक्ष लागते. न वापरलेल्या, जिन्याखाली धूळ खात पडलेल्या, टायर बसलेल्या उंची सायकली शहरातल्या इमारतींत किती आहेत हे पाहिले की न पेललेल्या वस्तू कशा दिसतात ते कळते.

उलट, ज्याने साध्या सायकलीचा कस लावला आहे, जो रोज दहा-पंधरा किलोमीटर जातो, जिची प्रत्येक कुरकुर ज्याला ओळखता येते आणि कोणत्या चढावर आपले पाय कमी पडतात व कोणत्या चढावर यंत्र कमी पडते हा भेद ज्याला कळू लागला आहे, त्याने चांगली सायकल घेतली तर त्यात चैन कोठे आली? त्याच्या सरावाने साधनाची मर्यादा गाठली आहे. गायकाला सुरेल तंबोरा हवासा वाटतो, सुताराला चांगल्या पोलादाचा रंधा हवासा वाटतो, त्याच जातीची ही इच्छा आहे. तिचा संकोच बाळगणे ही साधेपणाविषयीची गैरसमजूत होय. साधेपणा म्हणजे वाईट वस्तूंवर प्रेम करणे नव्हे. महात्मा गांधींनी यंत्रांविषयीची आपली भूमिका स्पष्ट करताना १९२४ साली शिवणयंत्राचा अपवाद केला होता, आणि यंत्रामागे माणसाचे श्रम हलके करण्याची प्रेरणा आहे की लोभाची, हा निकष त्यांनी पुढे ठेवला होता. चांगल्या साधनाला त्यांचा विरोध नव्हता. साधनाने माणसाला निरुपयोगी करू नये, हा आग्रह होता. सायकल, मग ती कोणत्याही किमतीची असो, माणसाच्या पायांवाचून चालत नाही. या कसोटीवर ती सहज उतरते.

येथवर आल्यावर एक गंभीर आक्षेप विचारात घ्यावा लागतो. पेलण्याची कसोटी लावली तर चांगल्या सायकलीचा पहिला हक्क कोणाचा? दूध घालणाऱ्याचा, वर्तमानपत्रे टाकणाऱ्याचा, मुंबईच्या गर्दीतून डबे नेणाऱ्याचा, शाळेसाठी रोज लांबचा रस्ता कापणाऱ्या मुलीचा. त्यांचा वापर असा आहे की कोणतीही उत्तम वस्तू त्यांच्या हाती सार्थकी लागेल. पण घेण्याची ऐपत असते ती बहुधा दुसऱ्यांजवळ. पेलण्याची शक्ती एका ठिकाणी आणि विकत घेण्याची शक्ती दुसऱ्या ठिकाणी, अशी ही वाटणी आहे. व्यक्तीने केवळ स्वतःपुरता विवेक करून ही विषमता मिटणार नाही, हे कबूल केले पाहिजे. मी महाग सायकल घेतली नाही म्हणून दूधवाल्याला ती मिळत नाही. यासाठी सार्वजनिक निर्णय लागतात. बिहारमध्ये २००६ साली शाळकरी मुलींना सायकलसाठी साहाय्य देण्याची योजना सुरू झाली, ती अशा निर्णयांपैकी एक. परंतु विषमता माझ्या एकट्याने मिटत नाही म्हणून तिची जाणीव ठेवण्यातून माझी सुटका होत नाही. निदान एवढे तरी तिने शिकवावे, की ज्या वस्तूचा खरा उपयोग दुसऱ्याच्या आयुष्यात झाला असता ती मी घेतली असेल, तर ती निरुपयोगी पडू देण्याचा अधिकार मला उरत नाही. वापर हे अशा वस्तूचे देणे आहे, आणि ते रोज फेडायचे असते.

याच जाणिवेतून आणखी एक प्रश्न निघतो, आणि नवी वस्तू घेण्याच्या आनंदात तो बहुधा विसरला जातो. जुन्या सायकलीचे काय? ती कोणाला तरी देऊन टाकू, असे आपण उदारपणे म्हणतो. कठोपनिषदाच्या आरंभी वाजश्रवस आपले सर्वस्व दान करीत असतो, आणि त्या दानात ज्यांचे पाणी पिणे आणि चारा खाणे संपले आहे, ज्या पुन्हा दूध देणार नाहीत, अशा गाई नेल्या जात असतात. ते पाहून लहानग्या नचिकेत्याच्या मनात श्रद्धा जागी होते आणि तो बापाला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारतो. ज्या ब्रेकवर माझा विश्वास राहिला नाही म्हणून मी सायकल बदलली, तीच सायकल तशाच ब्रेकसह घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलाला देणे हे दान नव्हे. तो धोक्याचा नुसता हस्तांतर आहे. देण्यापूर्वी तिचे ओव्हरऑइलिंग करून घ्यावे, ब्रेकचे रबर, केबल आणि झिजलेले टायर नवे बसवावेत, आणि आपण स्वतः तिच्यावरून एक फेरी मारून पाहावी. हा खर्च नव्या सायकलीच्या किमतीतच धरला पाहिजे. तो न धरता केलेला हिशोब खोटा असतो, मग रक्कम कितीही लहान असो.

तेव्हा सायकल घ्यावी की न घ्यावी? जवळच्या सायकलीचे थांबणे विश्वासाचे राहिले नसेल आणि दुरुस्तीने ते साधत नसेल, तर विचार करीत बसू नये. सुरक्षित सायकल घ्यावी. असे नसेल तर आधी आहे तिची नीट निगा राखून एक उन्हाळा आणि एक पावसाळा ती रोज चालवावी. त्या अवधीत इच्छा विरून गेली तर ती शोभेची होती असे समजावे आणि पैसे वाचल्याचे समाधान मानावे. इच्छा टिकली, आणि साधन कोठे कमी पडते हे बोट ठेवून सांगता येऊ लागले, तर तेवढी उणीव भरून काढणारी सायकल घ्यावी. तिच्याहून वरची नव्हे. ती गावातल्या कारागिराला उघडता येईल अशी असेल तर अधिक बरे. आणि घेतल्यावर मन तिच्यात अडकू देऊ नये.

शेवटचे सांगणे सर्वांत कठीण आहे. तुकोबांच्या एका प्रसिद्ध अभंगात धन चांगल्या व्यवहाराने जोडण्याचा उपदेश झाल्यावर ते वेचताना जी वृत्ती असावी तिच्यासाठी ‘उदास’ हा शब्द आला आहे. आजच्या वाचकाला त्यात खिन्नता ऐकू येते. तेथे अर्थ वेगळा आहे. उदास म्हणजे उदासीन, अलिप्त, वस्तूच्या ओढीपासून जरा बाजूला बसलेला. असा माणूस पैसा खर्च करीत नाही असे नाही. तो करतो, प्रसंगी चांगल्या वस्तूवरही करतो. पण वस्तूवर पहिला ओरखडा उमटला म्हणून त्याची झोप उडत नाही, आणि शेजारच्याची सायकल अधिक हलकी निघाली म्हणून आपली जड होत नाही. तो तिला पावसाचिखलातून नेतो, परत आल्यावर पुसून ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला काढतो.